शोभेच्या झाडाखालची अनोळखी माती

पावसाळ्याच्या आरंभी भंडारा जिल्ह्यात रोपांची दोन जगे शेजारी शेजारी नांदू लागतात. एकीकडे बांध्यांमध्ये धानाचे पऱ्हे हिरवे होत असतात आणि सारे गाव रोवणीच्या तयारीला लागलेले असते. दुसरीकडे भंडारा, लाखनी, साकोली ही गावे ज्या मुंबई-कोलकाता महामार्गावर वसली आहेत, त्याच महामार्गाने शोभेच्या झाडांनी भरलेले ट्रक धावत असतात. नव्या घरापुढे लावायला परदेशी ताडाचा एखादा प्रकार हवा असतो, मंगल कार्यालयाच्या दाराशी छत्रीसारखे कातरलेले फायकस हवे असते, तर कुणाला अंगणात हिरवळीची तयार लादी अंथरायची असते. झाडाची उंची विचारली जाते, किंमत विचारली जाते, 'पाणी किती लागेल' हेही विचारले जाते. मुळाभोवती पोत्यात बांधलेला मातीचा गोळा कोठला, हे मात्र कोणी विचारत नाही.

सकाळी उठताच भूमीला पायाचा स्पर्श होतो म्हणून तिची क्षमा मागणारा हा समाज आहे. भूमिपूजन केल्याविना येथे घराचा पाया खणला जात नाही. त्याच समाजाच्या अंगणात अनोळखी प्रदेशातील माती ट्रकमधून उतरते आणि त्याविषयी कोणाच्याही मनात साधे कुतूहलसुद्धा जागत नाही, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे. कारण त्या गोळ्यात केवळ माती नसते. तिच्याबरोबर डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव येत असतात आणि त्यांतील काहींचे अन्नच मुळी पिकांची मुळे हे असते.

अदृश्य पाहुणा

या जीवांना सूत्रकृमी म्हणतात. दोऱ्याच्या बारीक तुकड्यासारखा, बहुधा एक मिलिमीटरहूनही आखूड आणि जवळपास पारदर्शक असा हा प्राणी मातीतील पाण्याच्या पातळ थरातून सरकत असतो. बहुसंख्य सूत्रकृमी निरुपद्रवी असतात. कित्येक तर मातीचे सेवकच म्हणावेत असे आहेत. तथापि वनस्पतींवर जगणाऱ्या ४,१०० हून अधिक जातींची विज्ञानाने नोंद केलेली आहे. त्यांच्या तोंडात सुईसारखा पोकळ काटा असतो. तो मुळाच्या पेशीत खुपसून ते रस शोषतात. काही जाती मुळात शिरून तेथेच बिऱ्हाड थाटतात. मुळांवर गाठी येतात आणि एकेक मादी शेकडो अंडी घालते. वर झाड पिवळे पडते, खुरटते, भर दुपारी मलूल होते. शेतकऱ्याला वाटते, खत कमी पडले किंवा पाणी कमी पडले. तो खत वाढवतो, पाणी वाढवतो, कर्जही वाढवतो. रोग मुळाशी असतो आणि उपचार पानावर चालू राहतो.

ही हानी लहानसहान नाही. अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाच्या आधारे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सूत्रकृमींमुळे देशातील पिकांचे होणारे नुकसान २१.३ टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे १०,२०४ कोटी रुपयांचे मांडण्यात आले आहे. त्यांतील सुमारे २,३२७ कोटी रुपयांची हानी एकट्या धानाच्या मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीच्या नावावर आहे. ज्या जिल्ह्याची ओळखच तलाव आणि धान ही आहे, त्याने हा आकडा दुसऱ्याच्या घरचा म्हणून सोडून देणे परवडणारे नाही.

नाव कळेपर्यंत झालेला उशीर

शोभेच्या झाडाचा आणि शेतकऱ्याच्या पोटाचा संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर एका सूत्रकृमीच्या चरित्रातच आहे. चीनच्या हैनान बेटावर 'एन्टरोलोबियम' नावाचा, मूळचा दक्षिण अमेरिकेतील वृक्ष लावलेला होता. त्याच्या मुळांवर गाठी दिसल्या. त्या गाठींतील सूत्रकृमी विज्ञानाला अपरिचित निघाला आणि १९८३ मध्ये यांग व आयझेनबॅक या शास्त्रज्ञांनी वृक्षाच्याच नावावरून त्याचे नामकरण 'मेलॉइडोगायनी एन्टरोलोबी' असे केले. पुढे १९८८ मध्ये अटलांटिकच्या पलीकडे प्वेर्तो रिको बेटावर वांग्याच्या मुळांत आणखी एक 'नवा' सूत्रकृमी सापडला. त्याला तेथील गावाच्या नावावरून दुसरे नाव मिळाले. दोन नावे, दोन नोंदी, दोन याद्या. हे दोन्ही जीव एकच आहेत, याचा संशय रेणवीय तपासणीमुळे २००४ च्या सुमारास बळावला आणि दोन्ही नावांचे अधिकृत एकत्रीकरण २०१२ मध्ये झाले. म्हणजे जवळजवळ पाव शतक एकच आगंतुक दोन नावांनी जगभर हिंडत होता. चीनमधून युरोपात गेलेल्या शोभेच्या रोपांच्या मुळांतही तो पकडला गेला.

भारतात या सूत्रकृमीची पेरूवरील नोंद २०१६ मध्ये तामिळनाडूतील दिंडिगल भागातून झाली. त्यानंतर तो इतर राज्यांतील पेरूच्या बागांतही आढळू लागला. त्याने प्रवास कसा केला? तो स्वतः जन्मभरात फार तर हात-दोन हात सरकतो. त्याला शेकडो कोसांची मजल मारून दिली ती माणसाने, रोपवाटिकेतील रोपांच्या मातीतून आणि मुळांतून. या सूत्रकृमीचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे लागेल. टोमॅटोच्या ज्या वाणांत गाठी करणाऱ्या इतर सूत्रकृमींना तोंड देण्याची शक्ती आहे, त्या वाणांनाही हा जुमानत नाही. पेरू, टोमॅटो, वांगी, मिरची ही त्याची आवडती खाद्ये आहेत. वैनगंगेच्या काठी भाजीपाला पिकवणाऱ्या कुटुंबाने हैनान बेटाचे नाव ऐकलेले नसेल. परंतु त्या बेटावरील एका झाडाच्या मुळाशी ओळखला गेलेला जीव त्याच्या वाफ्याचा शत्रू होऊ शकतो.

अशीच दुसरी कथा युरोपातील एल्म वृक्षांची आहे. इटलीतील एल्मच्या मुळांवर आढळलेल्या सूत्रकृमीला नवी जात समजून एल्मवरूनच नाव देण्यात आले. पुढे २०१३ मध्ये सिद्ध झाले की, जपानमध्ये १९६९ मध्ये सफरचंदाच्या झाडावर नोंदवलेली जात ती हीच. नेदरलँड्समध्ये एल्मवरील एका बुरशीजन्य रोगाला तोंड देणारी झाडे तयार करण्याचा मोठा उपक्रम चालू होता. तेथील झाडे अनेक देशांत वाटली गेली आणि एका रोगावरचा उपाय वाटता वाटता दुसरा रोगही वाटला गेला. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. मुळाखालची माती तपासून तिच्यातील जीव वेळीच ओळखला गेला नाही, एवढीच उणीव होती.

आयात झालेल्या शोभेच्या वृक्षांच्या मातीतून सूत्रकृमींच्या नव्या जाती ओळखण्याचे काम करणारे शास्त्रज्ञ आज अनेक देशांत आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला हे काम रूक्ष वाटते. ओंजळभर माती पाण्यात कालवायची, बारीक चाळण्यांतून गाळायची, सूक्ष्मदर्शकाखाली तोंडातील काट्याची लांबी, शेपटीचा आकार, मादीच्या मागील टोकावरील रेषांची नक्षी पाहायची आणि अखेरीस डीएनएची जुळणी करून निर्णय द्यायचा. परंतु देशाच्या शेतीचे संरक्षण याच कामावर उभे असते. ज्याचे नाव ठाऊक नाही, त्याला कोणत्या यादीत घालणार? जो यादीत नाही, त्याला कोणत्या कलमाखाली अडवणार?

निलगिरीचा धडा

हा धडा भारताने एकदा घेतलेला आहे. १९६१ मध्ये निलगिरीत, उदकमंडलमजवळच्या बटाट्याच्या शेतात, जोन्स नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाला 'सोनेरी सूत्रकृमी' आढळला. युरोपातून आणलेल्या बियाण्याच्या बटाट्यांबरोबर तो आला असावा, असे मानले जाते. या सूत्रकृमीची मादी मरताना स्वतःच्या शरीराचीच कठीण कुपी करून तीत अंडी जतन करते आणि ती अंडी यजमान पीक नसतानाही वीस वर्षांहून अधिक काळ तग धरू शकतात. आजोबांच्या हातून शेतात शिरलेले संकट नातवाच्या काळातही जिवंत राहते, ते असे. निलगिरीतून बियाण्याचा बटाटा बाहेर नेण्यावर बंधने आली. तरीही हा सूत्रकृमी हिमालयातील राज्यांतही असल्याचे उघड झाले आणि २०१८ मध्ये हिमाचल प्रदेश, उत्तराखंड व जम्मू-काश्मीरमधील बियाण्याच्या बटाट्याच्या वाहतुकीवर केंद्र शासनाला निर्बंध घालावे लागले. एकदा आत आलेल्या पाहुण्याला घालवून देणे किती कठीण असते, याचे याहून बोलके उदाहरण नाही.

महाराष्ट्राला आणि विदर्भाला अशा आगंतुकांची ओळख नाही असेही नाही. १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचे झुडूप म्हणून लॅन्टाना आणली गेली. घाणेरी, टणटणी, रायमुनिया अशी नावे घेत तिने देशभरातील जंगले व्यापली. १९५५ मध्ये पुण्यात नोंदले गेलेले गाजरगवत आज प्रत्येक गावाच्या वेशीवर उभे आहे. भंडाऱ्याच्या मालगुजारी तलावांत शिरलेली बेशरम ही मूळची अमेरिका खंडातील. तिच्यामुळे तलावांचे काठ कसे अडले आणि मासोळीवर जगणाऱ्या ढिवर समाजाचे काम कसे कठीण झाले, हे येथील माणसाला पुस्तकातून वाचावे लागत नाही. निदान ही झाडे डोळ्यांना दिसतात. ती उपटता येतात. सूत्रकृमी दिसतही नाही आणि उपटताही येत नाही.

धानाच्या मुळाशी

धानाच्या मुळांवर गाठी करणारा 'मेलॉइडोगायनी ग्रॅमिनिकोला' हा सूत्रकृमी १९६५ मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यात, एका रानगवताच्या मुळांवरून प्रथम वर्णिला गेला. भारतातील धानपट्ट्यांत तो आज चांगलाच परिचित आहे. त्याने पछाडलेल्या मुळांची टोके आकड्यासारखी वळतात. पाण्याने भरलेल्या बांधीत त्याचा नवा शिरकाव मंदावतो. परंतु पऱ्ह्यांच्या कोरड्या वाफ्यात तो मुळात शिरला, की रोवणीच्या वेळी शेतकऱ्याच्याच हातांनी शेतभर पोहोचतो. पाऊस ओढ देतो आणि बांध्या कोरड्या पडतात, तेव्हा त्याचे फावते. शिवाय हा सूत्रकृमी अनेक प्रकारच्या गवतांवर जगतो. मातीसकट गुंडाळून येणारी हिरवळीची लादी धानाच्या जिल्ह्यात अंथरताना हे विसरून चालणार नाही.

२०१६ मध्ये इटलीच्या पिडमाँट भागातील धानशेतीत हा सूत्रकृमी आढळला, तेव्हा तेथील यंत्रणेने बाधित क्षेत्र आखले, अवजारांबरोबर माती बाहेर जाऊ नये यासाठी नियम केले आणि शेते दीर्घकाळ पाण्याखाली ठेवण्यासारखे उपाय हाती घेतले. मूठभर शेतांसाठी एवढी धावपळ कशाला, असे तेथे कोणी म्हटले नाही. कारण मूठभर असतानाच रोखले तर रोखता येते, हे त्यांना ठाऊक होते.

कायदा बंदरापाशी थांबतो

भारतात कायदा नाही, असे मुळीच नाही. १९१४ च्या विनाशक कीटक व पीडक अधिनियमाच्या आधारे केंद्र शासनाने २००३ मध्ये वनस्पती संगरोध आदेश काढला. संगरोध म्हणजे क्वारंटाईन. हा शब्द २०२० च्या महामारीने घराघरांत पोहोचवला आहे. बाहेरून येणाऱ्या रोपाला आयात परवाना हवा, निर्यातदार देशाचे आरोग्य प्रमाणपत्र हवे, अनेक रोपांना आल्यानंतरही काही काळ वेगळे ठेवून निरीक्षण हवे, असे हा आदेश सांगतो. वनस्पतींबरोबर माती आणण्यास तो मनाई करतो. कागदावर ही तटबंदी भक्कम आहे.

परंतु तटबंदीला दोन खिंडारे आहेत. पहिले असे की, मुळे धुतली तरी मुळांच्या आत शिरलेला सूत्रकृमी धुतला जात नाही. त्याला ओळखण्यासाठी बंदरावर आणि विमानतळावर जाणकार नजर लागते. सूत्रकृमींची जात ओळखणारे तज्ज्ञ एका दिवसात घडत नाहीत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासारख्या संस्थांत हा विषय वर्षानुवर्षे चालत आला आहे; पण हुशार विद्यार्थ्याने त्याकडे वळावे असे आकर्षण समाजाने आणि शासनाने त्याच्याभोवती निर्माण केलेले नाही. दुसरे खिंडार अधिक मोठे आहे. बंदराचे फाटक ओलांडल्यावर त्या झाडाकडे पुन्हा कोणी तपासनिसाच्या दृष्टीने पाहत नाही. आंध्र प्रदेशातील कडियमच्या, पुणे परिसरातील रोपवाटिकांत देशोदेशीची झाडे शेजारी शेजारी वाढतात. एकाच्या कुंडीतील पाणी दुसऱ्याच्या कुंडीपर्यंत वाहते आणि तेथून ती राज्याराज्यांत जातात. महाराष्ट्रात रोपवाटिकांसाठी १९६९ चा कायदा आहे, तो फळझाडांच्या रोपवाटिकांचा. शोभेचे झाड त्याच्या कक्षेत बसत नाही. जणू सूत्रकृमी हा झाडाचे प्रयोजन विचारून मगच त्याच्या मुळात शिरतो!

कृषी जैवसुरक्षेसाठी व्यापक कायदा करण्याचे विधेयक मार्च २०१३ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते. त्या लोकसभेबरोबरच ते विरून गेले. २०१५ पासून शेतकऱ्यांना जमीन आरोग्य पत्रिका देण्याची स्तुत्य योजना सुरू झाली. तिच्यात नत्र, स्फुरद, पालाशापासून जस्त-लोहापर्यंत बारा घटकांची नोंद असते. त्या बारांत सूत्रकृमीला स्थान नाही. शरीराची तपासणी करताना साखर आणि रक्तदाब पाहावा, पण जंतुसंसर्ग पाहू नये, असाच हा प्रकार झाला.

विरोध कोणाला आणि कशाला?

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. परदेशी झाड म्हणजे शत्रू, असा निष्कर्ष कोणी काढू नये. पेरू, मिरची, टोमॅटो, बटाटा ही सारी पिके सागरापलीकडूनच आली आणि आज त्यांच्यावाचून मराठी स्वयंपाकघराचे पान हलत नाही. या भूमीने उपयुक्त ते स्वीकारले आणि आपलेसे केले. रोपवाटिका चालवणारा मनुष्यही गुन्हेगार नव्हे. तो मेहनतीने पोट भरतो आणि त्याच्या रोपांना रोग लागला तर पहिला फटका त्यालाच बसतो. आक्षेप आहे तो अज्ञाताला प्रश्न न विचारण्याच्या सवयीला. पाहुण्याचे स्वागत करणारे घरही रात्री दार वाजले तर 'कोण आहे' असे विचारतेच. तेवढाच प्रश्न झाडाच्या मुळाला विचारला जावा, इतकीच अपेक्षा आहे.

या दृष्टीने तीन गोष्टी शासनाकडून व्हायला हव्यात. फळझाडांच्या रोपवाटिकांना असलेले नोंदणीचे आणि तपासणीचे बंधन शोभेच्या झाडांच्या रोपवाटिकांनाही लागू व्हावे. साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणी सूत्रकृमींच्या प्राथमिक तपासणीची सोय असावी. त्यासाठी चाळण्या, सूक्ष्मदर्शक आणि एक प्रशिक्षित माणूस एवढेच भांडवल लागते. संशयास्पद नमुना मात्र डीएनए तपासणीपर्यंत पोहोचवण्याची निश्चित वाट ठरलेली असावी. आणि विद्यापीठांतून वर्गीकरणशास्त्राचा, म्हणजे जीव ओळखण्याच्या विद्येचा, सन्मान वाढावा.

तथापि सर्व काही शासनावर सोपवून स्वस्थ बसणे हा आपला जुना दोष आहे. घरापुढे झाड लावणाऱ्या कुटुंबालाही पुष्कळ करता येण्यासारखे आहे. रोप घेताना पिशवी हलकेच सोडवून मुळे पाहावीत. गाठी, सूज किंवा कुजलेली टोके दिसली तर ते रोप नाकारावे. आणलेले झाड थेट जमिनीत न लावता काही आठवडे कुंडीत, शेतापासून आणि परसबागेपासून दूर ठेवावे. कुंडीतील पाणी शेताकडे वाहू देऊ नये. झाड खुरटू लागले, तर मुळाजवळची वीतभर खोलीची पाव किलो ओलसर माती आणि थोडी मुळे पिशवीत घालून, उन्हात न ठेवता कृषी विज्ञान केंद्राला दाखवावी. पऱ्हे टाकण्याची जागा एप्रिल-मेच्या कडक उन्हात ओली करून पारदर्शक प्लास्टिकने चार ते सहा आठवडे झाकून ठेवली, तर जमीन तापून सूत्रकृमींची संख्या घटते. निंबोळी पेंड आणि झेंडूची लागवड हेही उपयोगी ठरलेले उपाय आहेत. बाजारातील महागड्या विषापूर्वी यांचा विचार व्हावा.

ग्रामपंचायती, शाळा आणि सामाजिक संस्था दर पावसाळ्यात वृक्षारोपण करतात. हजारो रोपे एका दिवसात लावली जातात, छायाचित्रे निघतात. रोपे कोणत्या मातीत वाढली, त्यांची मुळे निरोगी आहेत का, हे पाहण्याची जबाबदारी अशा प्रत्येक कार्यक्रमात एका कार्यकर्त्याने घेतली, तर तेही तितकेच मोलाचे कार्य होईल. स्थानिक रोपवाटिकेत, स्थानिक मातीत वाढवलेला कडुनिंब, बकुळ किंवा कदंब हा सौंदर्यात कोणत्याही आयात झाडाहून उणा नाही, हेही या निमित्ताने आठवावे.

पूर्वजांनी या जिल्ह्यात शेकडो तलाव खोदले. कोहळी समाजाच्या त्या कर्त्या पुरुषांनी पाण्याचा प्रत्येक थेंब कोठून येतो आणि कोठे जातो, याचा हिशेब ठेवला. म्हणून धान पिकले. पाण्याचा असा हिशेब ठेवणाऱ्यांच्या वारसांना मातीचा हिशेब ठेवणे अवघड नाही. पुढच्या वेळी महामार्गालगत एखादे देखणे झाड मनात भरेल, तेव्हा किमतीपूर्वी एक प्रश्न विचारला जावा: 'याच्या मुळाशी माती कोठली?'